मागचे गप्प का बसले?

यंत्र बंद पडले म्हणजे माणूस पहिल्याप्रथम काय करतो? तर त्याला एक चापट मारतो. रेडिओच्या जमान्यात ही चिकित्सा घरोघर चालत असे, आणि गंमत अशी की, कधी कधी ती लागूही पडे. आत एखादी जोडणी सैल झालेली असली तर त्या धक्क्याने ती जागेवर येई. पण आता दिवाणखान्यात जी नवी ध्वनियंत्रणा येऊन बसली आहे तिला चापट मारायची तरी कुठे? ती एका जागी नसतेच. समोर तीन स्पीकर, मागे दोन, कोपऱ्यात नुसता घुमणारा एक भला मोठा ठोकळा, आणि या साऱ्यांचा कारभार पाहणारी टी.व्ही.खालची एक काळी पेटी. या सहा स्पीकरांच्या कुटुंबाला म्हणतात 'पाच पूर्णांक एक', म्हणजे ५.१ सराउंड साउंड. पाच जण पूर्ण बोलणारे. सहावा फक्त खालच्या सुरात हुंकार देणारा, म्हणून त्याचा हिशेब पूर्णांकानंतर!

हे कुटुंब पाहायचे असेल तर पुण्याजवळच्या हिंजवडीत यावे. मुळशी तालुक्यातले हे शेतीभातीचे गाव. गेल्या शतकाच्या अखेरीस येथे संगणकनगरी उभी राहू लागली, आणि नागपूर, नांदेड, सांगली, सोलापूर अशा चारी दिशांची तरुण मंडळी येथे बिऱ्हाडे थाटून राहिली. दिवसभर कचेरीत पडद्यासमोर बसायचे आणि संध्याकाळी रस्त्यावर मोटारींच्या रांगेत बसायचे, हा येथला दिनक्रम. एवढे झाल्यावर पुन्हा गाडी काढून सिनेमाला कोण जाणार? तेव्हा सिनेमाघरच घरात आणावे, असा विचार पुष्कळांनी केला, आणि सदनिकांतून ही सहा तोंडांची यंत्रणा नांदू लागली.

पहिले काही महिने कौतुकाचे जातात. मग एके दिवशी, पडद्यावर धो धो पाऊस पडत असताना, कुणाच्या तरी ध्यानात येते की पाऊस फक्त समोरच पडतो आहे. मागचे दोघे गप्प! तारा हलवल्या जातात, रिमोटवरची सगळी बटणे एकेकदा दाबून होतात, आणि शेवटी कुणीतरी जाणत्याच्या आवाजात सांगतो, "पेटी गेली. नवी घ्या." नवी पेटी म्हणजे तीस-चाळीस हजारांना खड्डा. तो खड्डा पुष्कळदा विनाकारण पडतो, म्हणून हा लेखनप्रपंच.

मी मराठीचा अध्यापक. वर्गात मी मुलांना सांगत असतो की 'मुका' आणि 'गप्प' हे समानार्थी शब्द नव्हेत. मुक्याला बोलता येत नाही. गप्प बसलेल्याला बोलता येते, पण तो बोलत नाही. घरातल्या मागच्या स्पीकरांविषयी नेमका हाच भेद ध्यानात ठेवावा. ते क्वचितच मुके झालेले असतात. बहुधा ते नुसते गप्प असतात, आणि गप्प असतात ते त्यांच्यापर्यंत कुणी शब्दच पोचवलेला नसतो म्हणून.

पाठीमागचा आवाज आला कुठून?

माणसाला दोन कान का, याचे उत्तर हिंजवडीकरांना चैत्रात आपोआप मिळते. त्या वेळी हिंजवडीहून वाकडला म्हातोबाचे बगाड निघते. त्या गर्दीत डोळे मिटून उभे राहिले तरी ढोल कुठल्या बाजूला वाजतो आहे आणि देवाच्या नावाचा गजर पाठीमागून कसा पुढे सरकतो आहे, हे बिनचूक कळते. उजवीकडचा आवाज उजव्या कानाला किंचित आधी आणि किंचित मोठा ऐकू येतो. हा वेळेतला फरक जास्तीत जास्त एका सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी. पण मेंदूला तेवढा पुरतो.

सिनेमाला हे सुख प्रारंभी नव्हते. प्रभातचा 'अयोध्येचा राजा' १९३२ साली बोलू लागला तो एकाच मुखाने. राजा डावीकडे उभा असो की उजवीकडे, आवाज यायचा तो एकाच ठिकाणाहून. ही विसंगती खुपलेला एक इंग्रज अभियंता होता, ॲलन ब्लुमलाइन. पडद्यावरचा माणूस जिकडे जाईल तिकडे त्याचा आवाजही गेला पाहिजे, या हट्टातून त्याने १९३१ च्या डिसेंबरात स्टिरिओ ध्वनीचे पेटंट मागितले. पुढे १९४० साली डिस्नेच्या 'फँटेशिया' चित्रपटासाठी प्रेक्षकांच्या आजूबाजूलाही कर्णे लावून पाहण्यात आले. आपल्याकडे १९७५ साली 'शोले' ७० मिलिमीटरच्या पडद्यावर आणि स्टिरिओफोनिक ध्वनीसह आला, तेव्हा नाणे खाली पडल्याचा आवाज ऐकून लोक खुर्चीखाली वाकून पाहू लागले, असे सांगतात. १९९२ पासून डॉल्बी डिजिटल आणि १९९३ पासून डीटीएस या पद्धतींनी हे पाच-अधिक-एक आवाज आकड्यांच्या रूपात चित्रपटगृहांत आणले, आणि डीव्हीडीच्या पाठोपाठ ते घरात शिरले.

ज्या प्रभातच्या आवारात एका मुखाचे बोलपट तयार होत, त्याच पुण्याच्या आवारात १९६० साली फिल्म इन्स्टिट्यूट सुरू झाली. तेथे ध्वनिमुद्रण शिकलेल्या रसूल पुकुट्टी यांना २००९ साली 'स्लमडॉग मिलिअनेअर'च्या ध्वनिमिश्रणासाठी ऑस्कर मिळाले. कुठला आवाज पुढून यायचा, कुठला मागून, आणि कुठे मागच्यांनी मुळीच तोंड उघडायचे नाही, हे ठरवणे हीच या मंडळींची कला.

यातूनच आपल्या प्रश्नाचे अर्धे उत्तर निघते. मागच्या स्पीकरांसाठी ध्वनिमुद्रणात स्वतंत्र मजकूर असतो. तो असेल तरच ते बोलतील. 'संत तुकाराम' हा १९३६ चा चित्रपट तुम्ही कितीही महाग यंत्रावर लावलात, तरी मागचे गप्पच राहणार, आणि ते योग्यच आहे. बातम्या, मालिका, जुनी गाणी यांचा आवाज बहुधा दोनच वाटांचा असतो. पाच वाटांच्या नव्या चित्रपटातसुद्धा दोघे जण खोलीत बसून बोलत असले तर तो संवाद समोरच्या मधल्या स्पीकरमधून येतो. मागे असते ती फार तर पंख्याची घरघर. तेव्हा बातम्या लावून मागच्यांची परीक्षा घेऊ नये. परीक्षा घ्यायची तर ज्या चित्रपटावर ५.१ अशी खूण आहे असा निवडावा, ध्वनीच्या यादीतून तोच आवाज निवडावा, आणि त्यातला पावसाचा, गर्दीचा किंवा लढाईचा प्रसंग लावावा.

वाटेच्या मधोमध उभे राहा

आवाजाची वाट अशी असते: चित्रपट, तेथून टी.व्ही. किंवा दुसरी एखादी पेटी, तेथून एक तार, मग रिसीव्हर म्हणजे ती काळी पेटी, तेथून मागच्या तारा, आणि शेवटी स्पीकर. वाटेत कुठेही आवाज हरवू शकतो. मग शोध कुठून सुरू करावा? बहुतेक लोक शेवटच्या टोकापासून करतात, कारण गप्प बसलेला तोच दिसतो. शहाण्याने मधोमध उभे राहावे.

मधोमध आहे रिसीव्हर, आणि त्याच्या पोटात या कामासाठी एक सोय करून ठेवलेली असते. तिचे नाव 'टेस्ट टोन'. रिसीव्हरच्या सेटिंगमध्ये, स्पीकरच्या पानावर, बहुधा 'लेव्हल' या सदरात ती सापडते. ती चालू केली की धबधब्यासारखा एक खरखराट पाळीपाळीने एकेका स्पीकरमधून येतो. हा आवाज बाहेरून आलेला नसतो. तो पेटीनेच तयार केलेला असतो. आता मागच्यांची पाळी आल्यावर ते खरखरले, तर पेटी ठीक, तारा ठीक, स्पीकर ठीक! दोष पेटीच्या अलीकडे, म्हणजे चित्रपट, टी.व्ही. किंवा त्यांची सेटिंगे यांत आहे. ते न खरखरले, तर दोष पेटीत किंवा तिच्या पलीकडे. एका मिनिटात अर्धी वाट शोधातून बाद झाली.

हे मी पुस्तकातून शिकलो नाही. आमच्याच इमारतीत एक तरुण अभियंता राहतो. त्याचे मागचे स्पीकर गप्प झाले, तेव्हा घरी आलेल्या कारागिराने पेटी बदलण्याचा सल्ला दिला होता. दिवाळीची सवलत चालू होती; नवी पेटी मागवायचे जवळजवळ ठरलेच होते. एवढ्यात सांगलीकडून त्याचे आईवडील आले. वडील वीजमंडळातून वायरमन म्हणून निवृत्त झालेले. आई सोफ्याच्या टोकाला, कानामागे तळहात धरून बसायची. तिला अलीकडे कमी ऐकू येते. मी सहज डोकावलो, तर वडील चष्मा कपाळावर चढवून पेटीचे माहितीपुस्तक वाचत होते.

"बाबा, तो माणूस म्हणाला ना, पेटी गेलीय म्हणून," मुलगा म्हणाला.

"त्यानं काय काय तपासलं?"

"तपासलं कसलं? बघितलं आणि सांगितलं."

"मग ते निदान नव्हे, अंदाज झाला. दोन्ही स्पीकर एकाच दिवशी आजारी पडत नसतात रे. दोन घरांतले दिवे एकदम गेले तर आम्ही बल्ब बघत नव्हतो, खांब बघत होतो."

त्यांनी टेस्ट टोन लावला. समोरचा डावा, मधला, उजवा असा फिरत तो मागे आला, आणि मागचा उजवा स्पीकर असा काही खरखरला की आईसुद्धा वळून पाहू लागली.

"पोरा," वडील म्हणाले, "तू नळाला दोष देत होतास. टाकीत पाणी आहे का, ते बघितलंच नाहीस."

मग त्यांनी मुलालाच विचारले, "तुझ्या कचेरीत प्रोग्रॅम चुकला तर काय करता?"

"मधे थांबवून बघतो, इथपर्यंत बरोबर आलंय का ते."

"मग घरी आल्यावर ती विद्या कुठं जाते?"

मुलगा हसला. चित्रपट लावून त्याने पेटीच्या काचेवरची अक्षरे पाहिली. तेथे 'पीसीएम' असे उमटले होते. टी.व्ही. पाच वाटांचा आवाज दोन वाटांत कालवून पुढे पाठवत होता. पेटीला मिळत होते तेच ती समोरच्या दोघांना वाटत होती. टी.व्ही.च्या आवाजाच्या पानावर 'पीसीएम' होते तेथे 'बिटस्ट्रीम' केले, आणि काचेवर 'डॉल्बी डिजिटल' ही अक्षरे आली. पाऊस सोफ्याच्या मागेही पडू लागला. खर्च शून्य रुपये.

"आता त्या पेटीच्या पैशांचं बघ," वडील म्हणाले, "तुझ्या आईचं कानाचं यंत्र घ्यायचं कधीचं राहिलंय." मुलगा काही बोलला नाही. पण त्याच आठवड्यात तो आईला कानाच्या डॉक्टरकडे घेऊन गेला.

खरखरले तर

टेस्ट टोनला मागचे बोलले आणि चित्रपटाला बोलले नाहीत, तर पाहायच्या गोष्टी थोड्याच आहेत.

पहिली, वर सांगितलेली: टी.व्ही.ने बाहेर पाठवायचा आवाज. 'पीसीएम' किंवा 'स्टिरिओ' असेल तर 'बिटस्ट्रीम', 'ऑटो' किंवा 'पास थ्रू' करावे. टी.व्ही.चे सॉफ्टवेअर नव्याने भरले गेले किंवा सेटिंगे मूळपदावर आणली, की ही निवड कधी कधी आपोआप बदलते. सेट टॉप बॉक्सचेही सेटिंग वेगळे असते, तेही पाहावे.

दुसरी गोष्ट तारेची. टी.व्ही.पासून पेटीकडे प्रकाशाची बारीक तार, म्हणजे ऑप्टिकल केबल, गेली असेल तर तिच्यातून आवळून बांधलेला, म्हणजे डॉल्बी डिजिटल किंवा डीटीएसच्या रूपातला, पाच वाटांचा आवाज जातो. मोकळा सोडलेला आवाज मात्र दोनच वाटांचा जातो. २००९ पासून एचडीएमआयच्या तारेत 'एआरसी' नावाची परतीची वाट आली आणि २०१७ च्या मानकात तिची थोरली बहीण 'ईएआरसी' आली. थोरलीतून पाचही वाटा मोकळेपणी जातात. काही टी.व्ही. डीटीएस पुढे जाऊच देत नाहीत; त्या वेळी चित्रपटाच्या यादीतून डॉल्बीचा आवाज निवडावा.

तिसरी गोष्ट पेटीच्या वागण्याची. रिमोटवर चुकून 'स्टिरिओ' किंवा 'डायरेक्ट' दाबले गेले असेल, तर दोन वाटांचा मजकूर फक्त समोरच वाजेल. जुनी गाणीही चारी बाजूंनी ऐकायची हौस असेल तर 'डॉल्बी सराउंड', 'प्रो लॉजिक' किंवा 'ऑल चॅनल स्टिरिओ' अशा नावाची पद्धत निवडावी. मग पेटी दोन वाटांतूनच मागच्यांसाठी थोडाफार मजकूर काढते. तो उसना असतो, पण ऐकायला वाईट नसतो.

आणि हिंजवडीत विशेष आढळणारी चौथी गोष्ट म्हणजे संगणक. लॅपटॉप जोडला तर त्याच्या ध्वनीच्या सेटिंगमध्ये पुष्कळदा 'स्टिरिओ' असेच असते; तेथे '५.१' निवडावे लागते. टेबलावरच्या मोठ्या संगणकाला तीन बारीक पिनांचे स्पीकर असतील तर रंग पाहावेत: हिरवे छिद्र पुढच्यांचे, काळे मागच्यांचे, नारिंगी मधल्याचे आणि घुमणाऱ्याचे. काळी पिन भलत्याच छिद्रात गेली की मागचे गप्प.

न खरखरले तर

टेस्ट टोनलाही मागचे बोलले नाहीत, तर आधी पेटीच्या सेटिंगमधली स्पीकरांची यादी उघडावी. तेथे 'सराउंड'पुढे 'नन' असे असेल तर पेटीच्या मते मागे कुणी नाहीच! यादी दुरुस्त करावी. आवाजाची पातळी पाहावी. ती दहा डेसिबलने खाली असेल तर कानाला तो आवाज निम्म्याच्या आसपास वाटतो.

मग पेटी बंद करून, विजेची पिन काढून, तिच्या पाठीकडे वळावे. पेटी सात स्पीकरांची असेल तर तिच्यावर 'सराउंड' आणि 'सराउंड बॅक' अशा दोन जोड्या असतात. आपले स्पीकर मागे ठेवलेले म्हणून लोक तारा 'बॅक'ला लावतात. पाचांच्या मांडणीत त्या नुसत्या 'सराउंड'ला हव्यात. तारेचे मोकळे केस शेजारच्या खुंटीला टेकलेले नाहीत ना, हेही पाहावे. टेकले तर पेटी स्वतःला वाचवण्यासाठी बंद पडते.

भाड्याच्या घरात भिंतीला भोक पाडू देत नाहीत. म्हणून तारा सतरंजीखालून आणि सोफ्याच्या पायांखालून जातात. तेथे त्या चेंगरतात, झाडूने ओढल्या जातात, उंदीरही त्यांना सोडत नाहीत. यावर वायरमनांची जुनी युक्ती आहे. मागच्या स्पीकरची तार पेटीपासून पूर्ण सोडवावी, आणि तिच्या दोन टोकांना विजेरीचा दीड व्होल्टचा साधा सेल क्षणभर टेकवावा. स्पीकरमधून 'टक्' असा आवाज आला तर तार आणि स्पीकर दोन्ही जिवंत. आला नाही तर सेल घेऊन स्पीकरपाशी जावे आणि तेथली तार सोडवून पुन्हा टेकवावा. आता 'टक्' आले तर तार तुटलेली. शंभर-दोनशे रुपयांचे काम. आता मात्र काहीच आले नाही, तर तो स्पीकर मुका ठरला.

बिनतारी स्पीकरांची गोष्ट थोडी निराळी. बिनतारी म्हटले तरी त्यांना विजेची तार लागतेच; प्लगचे बटण चालू आहे ना, ते आधी पाहावे. बारीक दिवा लुकलुकत असेल तर त्याची मुख्य यंत्राशी ओळख तुटली आहे असे समजावे, आणि माहितीपुस्तकात दिल्याप्रमाणे दोघांची पुन्हा गाठ घालून द्यावी.

सारे जमल्यावर मागचे स्पीकर बसवायचे कुठे? अगदी पाठीमागे नव्हे. नाकासमोरची रेघ धरली तर तिच्यापासून ११० ते १२० अंशांवर, म्हणजे कानांच्या जरासे मागे, दोन्ही बाजूंना. आवाजाला एक मीटर चालायला सुमारे तीन मिलिसेकंद लागतात. पेटीला प्रत्येक स्पीकरचे अंतर नीट सांगितले, तर ती जवळच्याला थोडे थांबवते आणि सर्वांचे बोलणे एकाच वेळी कानाशी पोचते.

पाडवा जवळ आला आहे, दुकाने सजली आहेत, आणि जुने द्या नि नवे घ्या असा पुकारा चालू आहे. जुने देण्याआधी घरी एवढेच करा: खुणेचा चित्रपट लावा, काचेवरची अक्षरे वाचा, टेस्ट टोन फिरवा आणि विजेरीतला एक सेल हाताशी ठेवा. अर्ध्या तासाचे काम आहे. एवढे करूनही मागचे गप्पच राहिले, तर खुशाल दुकानात जा. मात्र तेव्हा काय बिघडले आहे ते दुकानदार तुम्हांला सांगणार नाही, तुम्ही त्याला सांगाल.